टोपलीत न ठेवलेला मोबाईल

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीत कुणालाही विचारा, हेच सांगतील. नवऱ्याशी झालेलं भांडण, सुनेनं करपवलेली भाजी, बहिणीच्या लग्नात मीच हरवलेली आणि मीच शोधून काढलेली नथ — सगळं मी चारचौघींत सांगून मोकळी होते. पण एक गोष्ट अशी आहे की चौथं वर्ष चाललंय, ती माझ्या तोंडून निघालेली नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवापुढे हात जोडले तरी मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागायला लागते. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल, किंवा नाहीही येणार — बघते.

कुठून सुरू करू? टोपलीपासून करावं, पण टोपलीआधी जुबेदा आली पाहिजे.

जुबेदा लिंबायतला राहते. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही दोघी एकाच कारखान्यात साड्यांवर खडे चिकटवायला जायचो. मी तेव्हा शिरपूरकडून नवीनच लग्न होऊन सुरतेत आलेली, गुजराती समजत नव्हती, हिंदी तोडकीमोडकी. पहिल्या दिवशी दाराशी उभी होते, तर आतून एक बाई म्हणाली, ‘‘बठ ना वं बहीन, उभी काबरं ऱ्हायनी?’’ डोक्यावर ओढणी, बोटांना गुंदर, म्हणजे डिंक लागलेला, आणि तोंडात माझ्या माहेरची अहिराणी. मला रडूच आलं. ती नंदुरबारकडची होती. तिचंही गाव तापीकाठी, माझंही. पुढची वीस वर्षं आम्ही एकाच साडीच्या दोन टोकांना बसून काम केलं, आणि तिच्या घरच्यांना कळू नये असं जे काही बोलायचं ते अहिराणीत बोललो. तिच्या घरात सगळे हिंदी बोलायचे. अहिराणी तिची आणि माझी होती.

ती नात पढायची. त्यांच्या पैगंबरांच्या प्रशंसेत जी गाणी असतात त्यांना नात म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, जुबेदा, काय गातेस गं. तर ती हसून म्हणाली, ‘‘नात गातस नही वं, पढतस.’’ पेटी नाही, तबला नाही. डोकं झाकायचं, डोळे मिटायचे, मांडीवर हात ठेवायचे आणि नुसत्या गळ्यानं म्हणायचं. मी भजनी मंडळातली बाई, पेटीवाचून मला सूर सापडत नाही. तिला कशाचीच गरज नव्हती. ते ऐकताना मला आनंद व्हायचा आणि त्याच वेळी पोटात काहीतरी टोचायचंही. ते टोचणं काय होतं ते मला तेव्हाच कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणणार नाही.

तिच्या सगळ्या नातांमध्ये एक वेगळी होती. ती तिच्या आईनं रचलेली. आई निरक्षर, उभ्या जन्मात नंदुरबारच्या बाहेर फार गेली नाही, मदिना तर लांबच. तिनं तापीला सांगितलं होतं — तू सुरतेवरून समुद्राला जातेस, तिथूनच पूर्वी हाजींची गलबतं सुटायची, मग माझा एवढा सलाम घेऊन जा. मी येऊ शकत नाही, माझ्या पायात संसार आहे, तू पाणी आहेस, तुला कोण अडवणार. एवढंच. पण त्याची चाल अशी होती की तिसऱ्या ओळीला आवाज खाली जायचा, वाटायचं आता थांबलीच, आणि मग तिथूनच वर यायचा. ती चालही आईचीच. कुठे लिहिलेली नाही, कुठे छापलेली नाही. आई मरताना जुबेदाला म्हणाली होती, ही चार भिंतींतली आहे, बायकांच्या मिलादमध्ये, पैगंबरांच्या जन्माच्या बैठकीत पढ, बाहेर जाऊ देऊ नकोस. तसंही जुबेदाचा आवाज घराबाहेरच्या पुरुषानं ऐकू नये असं तिला स्वतःला वाटायचं. कुणी तिच्यावर बळजबरी केली नव्हती. सलीमभाई, तिचे यजमान, टेम्पो चालवतात, शब्दाला शब्द न वाढवणारा माणूस. ती म्हणायची, आवाज अमानत आहे, ज्याच्यासाठी दिला त्याच्यापुरताच. तुम्हाला पटो न पटो, मलाही तेव्हा पूर्ण पटायचं नाही. पण वस्तू तिची होती. मला पटण्याचा प्रश्नच कुठे होता?

आता टोपली.

दरवर्षी मिलादच्या महिन्यात एका दुपारी जुबेदाच्या घरी बायका जमतात. दाराशी रोट्यांची वेताची टोपली ठेवलेली असते, वर हिरवी ओढणी. आत येणारी प्रत्येक बाई आपला मोबाईल त्या टोपलीत ठेवते, म्हणजे आतलं आत राहील. सगळ्या ठेवतात, म्हाताऱ्याही, पोरीही. मला दरवर्षी बोलावणं असायचं. तिथे मी एकटीच कपाळावर टिकली लावलेली, पण गुलाबपाण्याचा शिडकावा माझ्यावरही व्हायचा आणि बुंदीची पुडी सगळ्यांआधी मला मिळायची. त्या वर्षी मी मोबाईल ठेवायला हात पुढे केला, तर जुबेदा आतूनच दाराशी बसलेल्या बाईला म्हणाली, ‘‘उसका रहने दे. शोभाकू क्या पूछना.’’ मी मोबाईल परत पर्समध्ये टाकला. मला बरं वाटलं होतं. मान मिळाल्यासारखं.

त्या वर्षी जुबेदाच्या शेजारी तिची नवी सून बसली होती, तबस्सुम. भरूचची पोर, लग्नाला सहा महिने झालेले. तिचा गळा बारीक होता पण खरा होता. जुबेदा तिला आईची नात शिकवत होती, ओळ-ओळ. सासूनं एक ओळ पढायची, सुनेनं मागून तीच. जुबेदाला मुलगी नाही. तिनं त्या पोरीला शेजारी जागा दिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पाहिलं आहे. आपल्यामागे ही नात कुणाच्या तरी गळ्यात राहणार, याचं ते समाधान होतं. तबस्सुमच्या एका बाजूला जुबेदा, आणि जुबेदाच्या दुसऱ्या बाजूला मी.

आणि मी पर्समध्ये हात घालून रेकॉर्डिंग सुरू केलं.

का केलं? मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते — आवडली म्हणून, घरी निवांत ऐकता यावी म्हणून. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला चाल हवी होती. आमच्या खानदेशी लोकांत श्रावणात कानबाई देवी बसते, तुम्हाला ठाऊक असेल. इथे सुरतेत आमच्या भागात तेव्हा बायकांच्या मंडळांची गाण्यांची स्पर्धा होते. आदल्या दोन्ही वर्षी शेजारच्या सोसायटीनं आम्हाला हरवलं होतं, आणि हरवताना त्यांच्या पुढारीण बाई मला म्हणाल्या होत्या, शोभाताई, चाली जुन्या झाल्या हो तुमच्या. ते वाक्य माझ्या जिव्हारी लागलं होतं. हसू येतंय ना? मलाही येतं कधीकधी. एवढ्याशा वाक्यासाठी.

त्या दिवशी जुबेदाचा घसा बसला होता. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला, तिनं क्षणभर थांबून गिळलं आणि पुढे गेली. ते सगळं माझ्या पर्समध्ये उतरलं.

रेकॉर्डिंग मी आठ-नऊ महिने कुणाला ऐकवलं नाही. श्रावण जवळ आला तसे मी त्या चालीवर कानबाईचे शब्द बसवले. आमची पेटी वाजवणारी कल्पना, तिला काही केल्या ती तिसऱ्या ओळीची उतरण सापडेना. मग मी तिला मूळ रेकॉर्डिंग पाठवलं आणि म्हटलं, कुणाला देऊ नकोस. कल्पनानं ते मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, सगळ्यांना शिकायला सोपं जावं म्हणून. तिला कोण दोष देईल? मीच जिथे एका बाईचं सांगणं मोडलं, तिथे माझं सांगणं कुणी पाळावं अशी आशा मी कोणत्या तोंडानं करत होते?

आम्ही जिंकलो. स्टेजवर कुणीतरी विचारलं, चाल कुणाची? मी म्हटलं, सुचली.

मला त्या सुचली शब्दाची जास्त लाज वाटते की पुढच्या गोष्टीची, हे मला सांगता येत नाही. नाही — येतं. पुढच्या गोष्टीची.

ग्रुपमधल्या कुणाच्या तरी पोरानं त्या आवाजामागे मदिनेच्या हिरव्या घुमटाचा फोटो लावून व्हिडिओ केला. चांगल्या मनानंच केला असणार. तो इकडून तिकडे फिरत लिंबायतला पोचायला किती दिवस लागणार? एका सकाळी सलीमभाई चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर उभे होते. शेजारच्या माणसानं मोबाईल लावला आणि त्यातून त्यांच्या बायकोचा आवाज आला. दहा-बारा पुरुष ऐकत उभे होते, कुणी वाहवा म्हणालं. सलीमभाई चहा तसाच ठेवून घरी आले. रागावले नाहीत. जुबेदानं मला नंतर सांगितलं, ते एवढंच म्हणाले, ‘‘आज तुम्हारी आवाज लारी पे सुनी.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी जुबेदा माझ्या घरी आली. ती एरवी कधी न सांगता येत नाही. मी साड्या पसरून बसले होते, हाताला गुंदर होता. ती समोर बसली. पाणी दिलं ते तिनं हातातच धरून ठेवलं. म्हणाली, व्हिडिओत माझा घसा बसलेला आहे, म्हणजे गेल्या मिलादचंच आहे. आवाज जवळून आलाय, म्हणजे शेजारून कुणीतरी घेतलाय. तिनं सगळ्या बायका एकेक करून आठवून पाहिल्या होत्या. सगळ्यांचे मोबाईल टोपलीत होते. तबस्सुमही म्हणत होती, माझा मी स्वतः टोपलीत ठेवला होता, पण ती घरातली, आतबाहेर करणारी, तिनं ठेवला की नाही हे कुणी पाहिलेलं नव्हतं.

मग तिनं मला विचारलं, ‘‘शोभा, तू खरं सांगशी. त्या दिन तुले कोना हातमा मोबाईल दिसना का?’’

हिंदीत विचारलं असतं तर — नाही, असं काही म्हणत नाही. तिनं अहिराणीत विचारलं. माझ्याबद्दल तिच्या मनात शंकेचा कणही नव्हता, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तिनं आठवून पाहिलेल्या बायकांत मी नव्हतेच. ती मला साक्षीदार म्हणून विचारायला आली होती.

मी ‘मला नाही दिसला’ म्हणू शकत होते. तेही खोटंच झालं असतं, पण त्यानं कुणावर आळ आला नसता. हे मी हजार वेळा मनात घोळवलं आहे. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की कुणाचंच नाव आलं नाही तर ती पुन्हा मोजायला बसेल, आणि मोजता मोजता माझ्यापाशी येईल. हाताचा गुंदर सोलत, खाली बघत, मी म्हटलं, ‘‘तबस्सुमना हातमा व्हता.’’ आणि वर जोडलं, ‘‘असं वाटस माले.’’

हे आहे ते. हेच सांगायचं होतं.

ते ‘वाटस माले’ कशाला जोडलं, कळतंय तुम्हाला? उद्या अंगावर आलं तर मागे सरता यावं म्हणून. खोटं बोलतानासुद्धा मी पळायला दार उघडं ठेवलं होतं.

जुबेदानं पाणी खाली ठेवलं. तिचा चेहरा मला आठवतो. ती रागावली नाही, ती लहान झाली. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, बरं झालं तू सांगितलंस, दुसरं कुणी नसतं सांगितलं.

त्या घरात नंतर आरडाओरडा झाला नाही. मारहाण नाही, माहेरी पाठवणं नाही. काहीतरी तसं झालं असतं तर मी धावत जाऊन खरं सांगितलं असतं, असं मी मला बजावत असे. पण जुबेदानं सुनेला फक्त शिकवणं बंद केलं. मोबाईल आत नेलास त्यापेक्षा टोपलीत ठेवला म्हणून खोटं बोललीस त्याचं जास्त वाटतं, एवढं तिला म्हणाली, आणि तो विषय संपवला. सांगताना माझं नाव घेतलं — शोभा ने देखा है. म्हणजे तबस्सुमला त्याच दिवशी सगळं कळलं. आपण मोबाईल टोपलीत ठेवला होता हे तिला ठाऊक. मी खोटं बोलले हेही मग तिला ठाऊक. आणि त्या दिवशी टोपलीबाहेर राहिलेला मोबाईल कुणाचा, हे समजायला काही फार शिकावं लागत नाही.

ती बोलली नाही. का नाही बोलली? नवी सून, तिचं कोण ऐकणार होतं, की सासूची इतक्या वर्षांची मैत्रीण आपल्या बोलण्यानं तुटू नये असं तिला वाटलं? मी तिला विचारलेलं नाही. विचारायला मला आधी कबूल करावं लागेल.

जुबेदानं पढणं सोडलं. आवाज लारीवर गेला, आता तो माझा राहिला नाही, म्हणाली. मिलाद अजून तिच्या घरी होतो. दुसऱ्या बायका पढतात, ती डोळे मिटून ऐकते. आईची ती नात कुणीच पढत नाही. जुबेदाला गेल्या वर्षी छातीचा त्रास झाला तेव्हा मला पहिलं काय आठवलं असेल? तीच नात. ग्रुपवरचं आणि व्हिडिओतलं केव्हाच पुसलं गेलं, म्हणून ती आता दोन ठिकाणी उरली आहे, एक जुबेदाच्या मनात आणि एक माझ्या जुन्या मोबाईलमध्ये. तो मोबाईल कपाटात साड्यांखाली आहे. मी पुसूनही टाकत नाही आणि लावतही नाही.

आणि आमचं कानबाईचं गाणं? ते चालू आहे. आता इतर मंडळंही म्हणतात, शोभाताईंची चाल म्हणून. कानबाईच्या विसर्जनाची मिरवणूक तापीवर निघते तेव्हा मी मंडळाला लिंबायतच्या बाजूनं जाऊ देत नाही. तिकडे गर्दी असते, असं कारण सांगते. कुंपणानंच शेत खाल्लं अशी म्हण मी मंडळात दुसऱ्यांबद्दल किती सहज वापरते, ते ऐकलंत तर तुम्ही थक्क व्हाल.

सांगायच्या संधी आल्या नाहीत असं नाही. खूप आल्या. तिच्या छातीच्या त्रासाच्या वेळी दवाखान्यात आम्ही दोघीच होतो, दोन तास. तिनं माझा हात धरला होता. मी म्हटलं, तू बरी हो, मग बोलू. ती बरी झाली. मी बोलले नाही. तबस्सुमला मुलगा झाला, मी बाळंतविडा घेऊन गेले. तिनं पाट दिला, पाणी दिलं, बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. ते बाळ झोपवताना जुबेदा त्याला थोपटत होती, तोंड मिटून. एरवी अशा वेळी तिच्या गळ्यातून काहीतरी निघालं असतं.

या वर्षीच्या मिलादला मी ठरवून गेले होते. सांगायचं ठरवून नव्हे, तेवढी हिंमत नाही माझ्यात. एवढंच ठरवलं होतं की या वेळी मोबाईल टोपलीत ठेवायचा. निदान एवढं तरी. दाराशी टोपली घेऊन तबस्सुम बसली होती. त्या प्रकरणानंतर दरवर्षी तीच बसते, आत बसत नाही. बायका येत होत्या, मोबाईल ठेवत होत्या, ती प्रत्येकीला सलाम करत होती. माझी पाळी आली. मी पर्समधून मोबाईल काढला आणि हिरव्या ओढणीखाली सरकवला.

आतून जुबेदानं पाहिलं. तिथूनच म्हणाली, ‘‘तबस्सुम, शोभाका वापस दे. उसकू क्या पूछना.’’

तबस्सुमनं टोपलीत हात घातला. इतक्या मोबाईलमधून तिनं माझा बरोबर काढला, ओढणीच्या टोकानं पुसला आणि माझ्यासमोर धरला. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी काही बोलते का, याची वाट बघत ती फक्त थांबली होती. मागे बायका खोळंबल्या होत्या.

मी तो घेतला. पर्समध्ये टाकला आणि आत गेले. जुबेदानं सरकून तिच्या शेजारची जागा मला दिली, चार वर्षांपूर्वी जिथे तबस्सुम बसली होती ती. मी तिथे बसले.